अण्णांचा गुडघा आणि निवृत्त साहेब

अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांना कधी काही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे या गोष्टीत त्या गुडघ्यांबद्दल इतकं बोललं जाणार आहे की वाचणाऱ्याला उगीच कळवळा यायचा. गुडघे ठणठणीत होते. दुखणं होतं ते वर, छातीच्या आत कुठेतरी, आणि दाखवायला बोट ठेवावं तर जागा सापडत नव्हती.

झालं ते असं. अण्णा जन्मभर रस्तेबांधणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या नोकरीत होते. त्यांची लेक राहते त्या शहराकडे जाणारा रस्ता डोंगरातून जातो, आणि त्या डोंगरातल्या बोगद्याचे नकाशे अण्णांच्या हातचे. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, बसने लेकीकडे निघाले. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला आणि बस नेमकी बोगद्याच्या मध्यावर थांबली. हवा खेळती राहायला वर केलेली सोय अण्णा वहिनींना मोठ्या कौतुकाने दाखवत होते. दाखवता दाखवता त्यांचे हात गार पडले, छाती धडधडायला लागली, आणि आपण आता मरणार, तेही स्वतः काढलेल्या नकाशात, अशी त्यांची खात्रीच पटली. ते बसमधून उतरले आणि आल्या वाटेने चालत सुटले. मागून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वहिनी.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय विशीतल्या पोराचं आहे असं सांगितलं. यात आनंद मानायचा की अपमान, हे अण्णांना ठरवता येईना. एवढं मरता मरता वाचलेल्या माणसाला निदान बारीकसा तरी आजार निघायला हवा होता. मनाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून देत ते म्हणाले, "हे मनाचं आहे. लाजण्यासारखं काही नाही." आता लाजण्यासारखं काही नाही असं डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं की माणूस लाजायचा थोडाच राहतो?

घरी पोचतात तोच लेकीचा फोन. "आई, वाटेतून परत का फिरलात?" वहिनी अण्णांकडे बघायला लागल्या. अण्णांनी घाईघाईने हाताला लागेल त्या अवयवावर हात ठेवला. तो गुडघा निघाला.

"बाबांचा गुडघा गं," वहिनी म्हणाल्या. झालं. एका खोट्याला दहा खोटी लागतात म्हणतात, पण अण्णांच्या खोट्याला रोजचं लंगडणं लागलं. इमारतीत बातमी लिफ्टपेक्षा लवकर खाली-वर करते. तळमजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरांनी त्याच दिवशी तेलाची बाटली आणून दिली आणि चोळायची कशी, खालून वर की वरून खाली, यावर अण्णांना पायरीवर बसवून सविस्तर ऐकवलं. आयुष्यात डॉक्टर व्हायचं राहून गेल्याचं दुःख ते सापडेल त्या शेजाऱ्याच्या अंगावर काढत असत.

पंचाईत अशी की, त्या बोगद्यानंतर अण्णांना लिफ्टमध्येही पाय ठेवता येईना. मग गुडघा दुखणारा हा माणूस चौथ्या मजल्यावर जिन्याने चढायचा. "व्यायाम सांगितलाय," अण्णा धापा टाकत सांगत. न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती फडकं बांधलं की त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा, म्हणून केस वहिनी कापायला लागल्या. आणि त्या किती वाईट कापतात याबद्दल इमारतीत कुणी अवाक्षर काढलं नाही, एवढा शेजारधर्म होता.

हे सगळं निभावून गेलं असतं. पण मधल्या काळात लेकीला मुलगी झाली. बाळ महिनाभर आधीच आलं, अगदी मूठभर होतं, त्याला घेऊन प्रवास करायचा नाही असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. वहिनी जाऊन राहून आल्या. अण्णांनी नात पाहिली ती फोनच्या काचेत. तिथे ती पालथी पडायला लागली, मग बसायला लागली, मग एक दिवस फोनमधल्या आजोबांना चाटायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, गुडघा बरा झाला की या हं. आता ती रांगेल. आजोबा म्हणजे फोनचं नाव आहे असं वाटेल तिला."

ती हसत म्हणाली. अण्णाही हसले. मग ते गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे बराच वेळ उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाले, "अगं, त्या दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता कुठाय?"

मनाची डॉक्टर म्हणजे लेकीच्याच वयाची पोरगी निघाली. तिने गोळ्या दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. साठ वर्षं श्वास घेत आलेल्या माणसाला श्वास शिकवतात म्हणजे काय, असं अण्णांच्या मनात आलं. पण शिकायला गेल्यावर तो त्यांना जमेना. मग ती म्हणाली, "काका, तुमचं सगळं लक्ष तुमच्याच छातीकडे असतं. घरात एखादं जनावर आणता येईल का? लक्ष जरा दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"इतकी वर्षं मी आहे की घरात," वहिनी म्हणाल्या. पण बाजारात जाऊन मासे त्यांनीच आणले.

मासे अण्णांना मानवले नाहीत. चारी बाजूंनी बंद पेटी, बाहेर पडायला वाट नाही, आणि त्यात ते बिचारे तोंड उघडून मिटून श्वास घेतायत. बघता बघता माशांच्या वतीने अण्णांनाच धडधडायला लागलं. पेटी कंपाउंडरांकडे गेली. गुडघ्याला मासे कशाला, हे त्यांना कळलं नाही, पण फुकटचं ते पौष्टिक या न्यायाने त्यांनी ठेवून घेतली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच एक माणूस गाठून दिला. तो विमानतळावर कुत्र्यांची देखभाल करायचा आणि सगळे त्याला हवालदार म्हणत. त्याचा एक कुत्रा निवृत्त झाला होता आणि त्याला घर हवं होतं. बुटका, लांब कानांचा, तोंडावर पांढरे केस आलेला. प्रवाशांच्या सामानातून चोरून आणलेली फळं, बियाणं, रोपं हुडकायची, ही त्याची नोकरी. फळ सापडलं की भुंकायचं नाही, चावायचं नाही, त्या बॅगेसमोर शांतपणे बसायचं, बस्स.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," हवालदार म्हणाला. "एक, हा कधी खोटं बसत नाही. बसला म्हणजे माल आहे. दुसरी, बसला की नीट शाबास म्हणायचं आणि बिस्किट द्यायचं. त्याशिवाय तो उठत नाही. शाबास मनापासून पाहिजे. पुटपुटलेलं त्याला चालत नाही." एवढं सांगून त्या आडदांड माणसाने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करून तो तोंड फिरवून उभा राहिला. धूळ वगैरे काही नव्हती. खोटं दुखणं अण्णांना लगेच ओळखू येई.

घरी आल्या आल्या कुत्र्याने सगळ्या खोल्या तपासल्या आणि फळांच्या परडीसमोर ताठ बसला. "या साहेब," वहिनी म्हणाल्या, आणि साहेब हेच त्याचं नाव पडलं. अण्णांना ते थोडं लागलं. उभ्या नोकरीत त्यांना साहेब म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि घरात तर प्रश्नच नव्हता.

खरी धमाल सुरू झाली ती जिन्यात. चौथ्या मजल्यावरून खाली उतरेपर्यंत साहेब येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पिशवीसमोर बसायचे. पिशवीवाल्या बाईला वाटायचं, कुत्रं पिशवी मागतंय. अण्णा घाईने म्हणायचे, "ताई, घाबरू नका. तुमच्या पिशवीत पेरू असतील." त्या चकित होऊन म्हणायच्या, "आहेत." मग अण्णांनी मोठ्याने "शाबास" म्हणायचं, बिस्किट द्यायचं आणि ताईंना समजावायचं की शाबासकी त्यांना नव्हती. असं करत चार मजले उतरायला इतका वेळ लागे की तोवर कुणाच्या घरी काय पिकलं, कुणाचं काय सडलं, हे अण्णांना सगळं कळलेलं असे. गेलं वर्षभर जो माणूस जिन्यात कुणी दिसलं की भिंतीला चिकटून जायचा, त्याला आता दिवसातून दोनदा अख्ख्या इमारतीची माफी मागावी लागे.

तक्रार झालीच. इमारतीच्या नियमात कुत्र्याला मनाई होती, फक्त आजारपणाच्या कारणासाठी सवलत होती. सेक्रेटरींनी आपल्याच घरी सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणजे नियमाचा कडक माणूस. जिन्यातला दिवा गेला तरी तो नियमाप्रमाणे गेला का हे आधी बघणार.

"कारण काय द्यायचं?" त्यांनी विचारलं. "तुमचं दुखणं गुडघ्याचं. गुडघ्याला कुत्रा कशासाठी?"

अण्णांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं असं ते ठरवूनच आले होते, वहिनींना तसं वचन देऊन आले होते. पण समोर ओळखीचे एवढे चेहरे बघितल्यावर "मन" हा शब्द घशातच बसून राहिला.

तेवढ्यात कंपाउंडर मदतीला धावले. "ऊब," ते म्हणाले. "जनावराच्या अंगची ऊब सांध्यांना फार चांगली. आमच्या दवाखान्यात एक पेशंट होता, तो बोकड बाळगायचा."

"बोकडाला नियमात मनाई नाही," सेक्रेटरी म्हणाले. "कुत्र्याला आहे. आणि मला एक सांगा, गुडघा दुखतो तर तुम्ही लिफ्ट सोडून जिन्याने..."

पुढचं वाक्य राहून गेलं. कारण साहेब उठले, खोली ओलांडून कोपऱ्यातल्या सेक्रेटरींच्या ऑफिसच्या बॅगेपाशी गेले आणि ताठ बसले.

चहा घेऊन आलेल्या सेक्रेटरीणबाई दारातच थबकल्या. त्यांच्या यजमानांची साखर इतकी वाढली होती की घरात द्राक्षाचा मणी यायला बंदी होती, आणि एवढं पथ्य पाळूनही ती उतरत का नाही, या काळजीने बाई निम्म्या झाल्या होत्या. सगळ्या इमारतीला हे ठाऊक होतं. साहेब कधी खोटं बसत नाहीत, हेही एव्हाना सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

अण्णांनी बॅगेकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम आला होता, आणि उघडं पडायच्या भीतीचा तो घाम अण्णांना चांगला ओळखीचा होता.

"माझं बिस्किट पडलं वाटतं तिकडे," अण्णा म्हणाले. ते मुद्दाम लंगडत तिथे गेले, खाली वाकले, कुत्र्याच्या कानात हळूच पण मनापासून शाबास म्हणाले आणि त्याला घेऊन परत आले. सेक्रेटरीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला.

"तर मग ऊब," सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले. "कारण गुडघा. मंजूर. लिफ्टमध्ये मात्र कुत्रा न्यायचा नाही." ही अट अण्णांनी इतक्या आनंदाने मान्य केली की कंपाउंडरांनी भुवया उंचावल्या. जाताना सेक्रेटरींनी अण्णांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि पुढच्या आठवड्यापासून ते बायकोबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागले.

त्यानंतर अण्णांनी साहेबांना घेऊन बस स्टँडवर जायला सुरुवात केली. बसमध्ये चढायचं नाही, नुसतं जाऊन उभं राहायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. स्टँड म्हणजे साहेबांना विमानतळच. पिशवी तिथे फळ. अण्णा इकडून तिकडे धावत, माफी मागत, शाबास म्हणत, आणि आपली छाती तपासायचं पार विसरून जात. एकदा तर लंगडायचंही विसरले. समोरून कंपाउंडर आले तेव्हा एकदम आठवलं आणि त्यांनी पाय ओढायला घेतला.

"अण्णा," कंपाउंडर थोडं थांबून म्हणाले, "उजवा होता ना?"

अण्णांनी मुकाट्याने पाय बदलला. कंपाउंडर सल्ला न देता निघून गेल्याची इमारतीच्या इतिहासात ही पहिलीच वेळ. पण नंतर त्यांनी तेलाची नवी बाटली कधी दिली नाही. त्याऐवजी संध्याकाळी दार वाजवून "काय, गप्पा मारू या का?" असं विचारायला लागले.

आणि एक दिवस लेकीचा फोन आला की नात रांगायला लागली. अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "उद्या निघू." वहिनींनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उद्याचं परवा झालं असतं, हे त्या जाणून होत्या. त्यांनी बिस्किटांचे पुडे भरले.

बसच्या दारात कंडक्टरने हात आडवा केला. "कुत्रं चालणार नाही."

अण्णा काही बोलणार, तोच साहेब कंडक्टरच्या सीटखालच्या पिशवीसमोर जाऊन बसले.

"तुमच्या पिशवीत संत्री आहेत का हो?" अण्णांनी अदबीने विचारलं.

"आहेत. तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांनी आता तोंडपाठ झालेली सगळी हकीगत सांगितली. कंडक्टर कुत्र्याकडे बघत राहिला. "म्हणजे नोकरीत होते म्हणा की. सरकारी?"

"सरकारी."

"आणि पेन्शन?"

"पेन्शन नाही."

कंडक्टरचा चेहरा बदलला. "एवढी सर्व्हिस करून पेन्शन नाही? बसवा त्यांना मागच्या सीटपाशी. कुणी काही बोललं तर मी बघतो."

अर्धा रस्ता बरा गेला. मग डोंगर दिसायला लागला. बोगद्याचं काळं तोंड जवळ आलं आणि बस आत शिरली. आत वाहनांची रांग होती. बस थांबली नाही, पण माणूस चालेल एवढ्याच वेगाने सरकायला लागली. अण्णांचे हात गार पडले. पुढच्या सीटची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. नकाशातली लांबी त्यांना अजून पाठ होती आणि ती आठवून काही फायदा नव्हता. "मी उतरतो," ते म्हणाले आणि उठायला लागले.

वहिनींच्या पायाशी झोपलेले साहेब उठले. त्यांनी अण्णांचा हात हुंगला, शर्टाची बाही हुंगली, आणि अण्णांच्या समोर, दोन सीटांच्या मधल्या वाटेत, पाठ ताठ करून बसले.

अण्णांनी खिसे चाचपले. रुमाल, चष्म्याचं घर, किल्ली. "माझ्याकडे काही नाही रे," ते म्हणाले. "अगं, याला सांग, माझ्याकडे काही नाही."

"तो खोटं बसत नाही," वहिनी म्हणाल्या. "आहे तुमच्याकडे. त्याला सापडलंय."

वर्षभर लेकीपासून, शेजाऱ्यांपासून, न्हाव्यापासून लपवलेला माल अखेर पकडला गेला होता. आणि पकडणारा रागावला नव्हता, हसला नव्हता, नुसता समोर बसून राहिला होता. अण्णांना इतकं भरून आलं की क्षणभर उतरायचंही सुचेना. तसंही उतरायचं तर साहेबांना ओलांडायला हवं होतं, आणि शाबासकीशिवाय साहेब उठत नसत.

वहिनींनी बिस्किट पुढे केलं. अण्णांनी शाबास म्हणून बघितलं. आवाज फुटेना. पुटपुटलेलं तर चालत नव्हतं. मोठ्याने म्हणायचं तर आधी छातीत हवा भरून घ्यायला हवी, म्हणून त्यांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "शाबास." साहेबांनी बिस्किट खाल्लं, पुन्हा हात हुंगला आणि पुन्हा बसले. माल अजून होता. पुन्हा लांब श्वास, पुन्हा शाबास, पुन्हा बिस्किट. डॉक्टरीणबाईंना इतके दिवस जे शिकवता आलं नव्हतं ते असं एकेका बिस्किटावर चाललं होतं. पुढच्या सीटवरच्या माणसाने एकदा वळून बघितलं. "आमच्या यांना बोगद्याची भीती वाटते," वहिनींनी त्याला सरळ सांगितलं, आणि तो "बरं बरं" म्हणून पुढे बघायला लागला. काहीही कोसळलं नाही.

एक पुडा संपून दुसरा फोडला तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं. साहेबांनी शेवटचं एकदा हात हुंगला, जांभई दिली आणि वहिनींच्या पायाशी जाऊन आडवे झाले. वहिनी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "एवढी बिस्किटं खाऊन पोट बिघडणार आता त्याचं."

लेकीने दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर नात होती आणि नातीच्या हनुवटीला कुस्करलेलं केळं लागलेलं होतं. साहेब आत गेले आणि तिच्यासमोर ताठ बसले. नात त्यांच्याकडे बघून खिदळायला लागली. अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले. फोनमध्ये ती इतकी इवलीशी दिसायची. खरी बरीच मोठी होती, आणि तिला वास होता.

"बाबा," लेक म्हणाली, "आत या ना. गुडघा कसा आहे?"

अण्णांनी सवयीने पाय ओढायला घेतला. मग साहेबांकडे बघितलं आणि सरळ उभे राहिले.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं गं," ते म्हणाले. "मला भीती वाटायची. बोगद्याची. मग सगळ्याचीच. तुला सांगायची लाज वाटली."

लेकीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माहीत आहे बाबा," ती म्हणाली. "फोनवर तुम्ही कधी डावा धरायचात, कधी उजवा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं लंगडत होतात." मग तिने पदरासारखं ओढणीचं टोक घेऊन नातीची हनुवटी पुसली आणि जवळ आली. "बसा बघू आधी खुर्चीत. हिला घ्या. कुठल्या गुडघ्यावर देऊ?"

"कुठल्याही दे," अण्णा म्हणाले. "दोन्ही चांगले आहेत."